11 बाय 9

आमच्या बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये एका खोलीला आम्ही ‘अण्णांची खोली’ म्हणतो. आई गेल्यानंतर अण्णा आमच्याकडे राहायला येतील असं गृहीत धरून घेतलेली ही तिसरी खोली. सहा वर्षांत अण्णा तिथे एकूण 14 रात्री झोपले. एरवी तिथे इस्त्रीचं टेबल, मुलाचा जुना कीबोर्ड, रिकाम्या बॅगा आणि माझ्या शब्दकोशांचा ढीग असतो. अण्णा कुर्डुवाडीत असतात, एकटे. ‘बघू की दिवाळीनंतर’ हे त्यांचं सहा वर्षांचं उत्तर. कुठली दिवाळी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

गेल्या जूनमध्ये एका कन्नड कादंबरीचा अनुवाद करताना मी अडले. कादंबरीत मीटरगेजवरचं एक लहान स्टेशन आहे आणि एका प्रकरणात गाडीच्या पुढचं इंजिन सुटून मागच्या टोकाला लागतं. कसं, ते लेखकाला पक्कं ठाऊक होतं, मला नव्हतं. चार वाक्यांचा मजकूर, आणि त्यातली क्रियापदं मला मराठीत लावता येईनात. अण्णांना फोन केला. अण्णा रेल्वेत सांधेवाला म्हणून लागले आणि कुर्डुवाडीच्या नॅरोगेज यार्डात शंटिंग जमादार म्हणून निवृत्त झाले. एरवी आमचा फोन तीन मिनिटांत संपतो: जेवलात का, गोळ्या घेतल्या का, पाऊस आहे का. त्या दिवशी ते वीस मिनिटं बोलले. इंजिन सोडायचं, पुढं काढायचं, सांधा फिरवायचा, लूपनं मागं आणायचं, परत सांधा. मी कागदावर रेघा ओढत होते. “काढलंस का?” ते मधूनमधून विचारत होते, शाळेत पाढे म्हणून घेतल्यासारखे.

चार वाक्यं झाली, पण तो कागद मी फेकला नाही. पुढच्याच आठवड्यात चर्च स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात जॉन आर्मस्ट्राँग या अमेरिकन गृहस्थांचं पुस्तक हाती लागलं. घरातल्या खेळण्याच्या रेल्वेचा आराखडा कसा करावा, एवढाच त्याचा विषय. मूळ आवृत्ती 1963 ची. ‘खेळण्याची’ म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं. पुस्तकातला युक्तिवाद असा की रूळ सुंदर दिसण्यासाठी मांडायचे नसतात, गाडीला काहीतरी काम असावं म्हणून मांडायचे असतात. आधी गाडी काय करणार ते ठरवा, मग रेघा ओढा. साहित्याच्या वर्गात रूप आणि आशय यांवर मी दोन वर्षं जे ऐकलं, त्यापेक्षा हे मला स्वच्छ वाटलं.

आर्मस्ट्राँग आधी दोन याद्या करायला लावतात. एका यादीत जे तुमच्या हातात नाही ते, दुसरीत जे तुम्हाला हवंसं वाटतं ते. माझी पहिली यादी: खोली 11 फूट बाय 9. दार आत उघडतं. खिडकीला ग्रिल आहे, तिची झडप आत येते. लोखंडी कपाट हलवायचं नाही, कारण ते हलवलं की मागची ओल दिसते. दुसरी यादी लांबलचक झाली. कुर्डुवाडी हवं, बार्शी हवं, बालाघाटावर चढणारी लाइन हवी, आषाढीची गर्दी हवी आणि अण्णा सांधेवाले असताना आम्ही जिथे राहत होतो ते स्टेशन हवं. त्या स्टेशनचं नाव लिहीत नाही. अण्णांना आपलं काही छापून आलेलं आवडत नाही.

म्हणजे बार्शी लाइट. सोलापूरकडच्या वाचकांना हे नाव सांगावं लागणार नाही, इतरांसाठी थोडं सांगते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1897 मध्ये बार्शी ते आजचं कुर्डुवाडी ही 762 मिलिमीटर रुंदीची, म्हणजे अडीच फुटी, लाइन सुरू केली. इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार नको, हा त्याचा हट्ट होता. भार सारखा वाटला की हलका, स्वस्त रूळही पुरतो. गाड्या हिंदुस्थानात पाठवण्याआधी त्याने इंग्लंडमध्ये लीड्सजवळ तात्पुरते रूळ टाकून त्या लोकांना चालवून दाखवल्या. पुढे लाइन एका अंगाला पंढरपूरवरून 1927 मध्ये मिरजेपर्यंत आणि दुसऱ्या अंगाला लातूरपर्यंत गेली. 1954 मध्ये सरकारने ती कंपनीकडून घेतली. 2000 नंतरच्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने सगळी ब्रॉडगेज झाली. (हाच कॅलथ्रॉप नंतर विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागे लागला. एवढ्या हलकेपणाचा ध्यास घेतलेल्या माणसाचं पुढे दुसरं काय होणार!)

आता मापं. जगभर सर्वांत चालणारं मोठं माप म्हणजे 1:87. त्याहून लहान माप 1:160. त्याच्या रुळांची रुंदी 9 मिलिमीटर. ही 9 मिलिमीटर 87 ने गुणली की 783 येतात. आपल्याला हवेत 762. म्हणजे मोठ्या मापाचे डबे लहान मापाच्या रुळावर ठेवले की जवळजवळ बार्शी लाइट होते. जी 21 मिलिमीटरची चूक राहते ती डोळ्याला दिसत नाही. इंजिन मात्र बाजारात नाही. कुठल्याही कंपनीने बार्शीचं इंजिन काढलेलं मला सापडलं नाही. 1:160 च्या इंजिनाची चाकं आणि मोटर घेऊन वरचं अंग आपणच प्लास्टिकच्या पत्र्याचं करायचं. ते पुढे. अजून मी कागदावरच होते.

कागदावर हिशेब भराभर कोसळत गेले. कुर्डुवाडी ते बार्शी 21 मैल, म्हणजे सुमारे 34 किलोमीटर. भागिले 87, तरी 390 मीटर. माझ्याकडे भिंत 3.35 मीटर. बरं, नुसतं एक स्टेशन घेतलं तर? अण्णांच्या अंदाजाने आमच्या स्टेशनचं यार्ड 300 मीटर. ते होतं 3.45 मीटर, खोलीपेक्षा 10 सेंटिमीटर जास्त. एक स्टेशन, तेही पासिंजर गाडी थांबली तर लोक बघायला यायचे असलं, तेसुद्धा मावेना. बालाघाटाचा चढ तर पहिल्याच दिवशी गेला. 40 ला 1 चढ धरला तर गाडी दुसऱ्या गाडीच्या वरून जाण्याइतकी, म्हणजे 7 सेंटिमीटर, उंच चढायला 2.80 मीटर लागतात. आखूड भिंत 2.74.

या छंदातली माणसं इथे एक युक्ती करतात. सगळं सारखं लहान करत नाहीत. डबा, दार, खिडकी, माणूस यांचं माप बदलायचं नाही. साडेपाच फुटी माणूस 19 मिलिमीटरचाच राहणार. काढून टाकायचं ते मधलं अंतर. दहा डब्यांच्या गाडीचे पाच डबे होतात, फलाट अर्धा होतो, दोन गावांमधली शेतं जातात. जे ओळखू येतं ते पूर्ण मापात ठेवायचं आणि जे ओळखीचं नाही ते गाळायचं. हे वाचून मला माझा एम. ए.चा निबंध आठवला. त्यात मी आगरकरांचं ‘विकारविलसित’ आणि देवलांचा ‘झुंझारराव’ समोरासमोर ठेवले होते. एकाने ‘हॅम्लेट’चं भाषांतर केलं, दुसऱ्याने ‘ऑथेल्लो’ला मराठी कपडे घातले. मी बाविसाव्या वर्षीच्या तोऱ्यात रूपांतराला दुय्यम ठरवलं होतं. अनुवादकाने काही गाळायचं नसतं, हे मी आजही मानते. पण गाळण्यालाही एक शिस्त असते, हे मला 11 बाय 9 च्या खोलीने शिकवलं.

पहिला पुरा आराखडा जुलैत झाला. तीन भिंतींना लागून दीड फूट रुंदीची फळी, इंग्रजी यू अक्षरासारखी. खिडकीखाली कुर्डुवाडी, कपाटाच्या अलीकडे आमचं स्टेशन, तिसऱ्या भिंतीला बार्शी. दारासमोरून उचलता येणारा पूल, म्हणजे हवं तेव्हा गाडी गोल फिरवता येईल. आर्मस्ट्राँगची चौकोनांची रीत वापरली होती: सर्वांत लहान वळणाची त्रिज्या, अधिक दोन रुळांमधल्या अंतराची दुप्पट, एवढ्या बाजूचा चौकोन करून आधी खोली चौकोनांत मोजायची. माझा चौकोन 38 सेंटिमीटरचा, खोली पावणेनऊ बाय सव्वासात चौकोनांची. तीन रंगांच्या पेन्सिली वापरल्या होत्या. नवऱ्याने कागद हातात घेतला, नीट पाहिला, उलटा करून पाहिला.

“खाट कुठे आहे?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, अण्णा आले की हॉलमध्ये दिवाण आहेच. तो काही बोलला नाही. आमच्या लग्नाला 19 वर्षं झाली आहेत. तो कधी बोलत नाही हे मला कळतं.

आराखड्याचा फोटो मी अण्णांना पाठवला. त्या रविवारी त्यांचा फोन आला. त्यांनी आपण होऊन केलेला फोन, ही गोष्ट आमच्याकडे लक्षात ठेवण्यासारखी.

“आगं, मालधक्का त्या अंगाला न्हवता. फलाटाच्या समोरच्या अंगाला. आन् एवढा मोठा कुठनं आणलास?”

मी काढलेला मालधक्का फलाटाच्या निम्म्या लांबीचा होता. माझ्या आठवणीत तो तेवढाच आहे: काळोखा, उंच, गुळाच्या आणि ज्वारीच्या वासाचा, आणि आत गेलं तर पलीकडच्या दारापर्यंत पोचायला वेळ लागायचा. अण्णा म्हणाले, दोन दारं होती, आत एका डब्याचा माल कसाबसा मावायचा. मग हळूहळू बाकीचंही निघालं. पाण्याची टाकी मी लिंबाच्या डावीकडे काढली होती, ती उजवीकडे होती. आमचं क्वार्टर यार्डाच्या टोकाला नव्हतं, स्टेशनाच्या मागेच होतं. पण आई मला एकटीने फलाटावर सोडत नसे, म्हणून ते लांब वाटायचं. मी सात वर्षांच्या मुलीच्या मापाने स्टेशन आखलं होतं. 1:87 हे माप फक्त कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं.

“आन् ही गाडी येती कुठनं?” त्यांनी विचारलं.

मी पूल समजावून सांगितला. गाडी गोल फिरते.

“गोल फिरती ती जत्रंतली. गाडी कुठनंतरी येती, कुठंतरी जाती. मधी आपल्यापुढं थांबती. तेवढाच आपला संबंध.”

हे आर्मस्ट्राँगही सांगतात, बराच कागद खर्चून. दिसणाऱ्या भागाइतकंच न दिसणारं यार्ड महत्त्वाचं. नजरेआड चार-पाच रूळ ठेवायचे, तिथून गाडी यावी आणि तिथे जावी. त्या यार्डाला नाव ‘लातूर’ द्या की ‘मिरज’, प्रेक्षकाला ते दिसायचं नाही. मी पूल खोडला.

दर रविवारी एक आराखडा असे सात झाले. चौथ्यात फक्त कुर्डुवाडी होतं, तेही एकाच गोष्टीसाठी. तिथे मुंबई–सोलापूरची ब्रॉडगेज आणि आमची नॅरोगेज शेजारीशेजारी होत्या. एकीची रुंदी 1676, दुसरीची 762. डबा या रुळावरून त्या रुळावर जाऊच शकत नाही. लातूरकडून आलेली डाळीची पोती हमालांनी पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात न्यायची. अनुवादावर बोलायला कुणी बोलावलं की ही उपमा वापरायची, असं मी मनात ठरवलं सुद्धा. अण्णांना सांगितली. ते म्हणाले, पोत्याला हुक लागायचा, दर पोत्यामागं मूठभर सांडायचंच, संध्याकाळी बाया झाडून न्यायच्या. मग मी ती उपमा कुठे वापरली नाही. झाडून नेणाऱ्या बाया माझ्या धंद्यात कोण, ते मला सुचेना.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात अण्णा न्हाणीत पडले. शेजारच्या मुलाने दार वाजवेपर्यंत दोन तास ते फरशीवर होते. उजवा खांदा मोडला. मी रात्रीच्या गाडीने गेले, तीन आठवडे राहिले. खांदा जुळला, पण हात आता खांद्याच्या वर जात नाही. मी चलाच म्हटलं. नवऱ्यानेही फोनवर सांगितलं. अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, “तिथं मी काय करू? दिसभर खिडकीतनं मोटारी बघू?” मला उत्तर आलं नाही. त्यांचा प्रश्न खरा होता. आमच्या खिडकीतून दिसतं ते पलीकडच्या इमारतीचं पार्किंग.

परत आल्यावर ते सात कागद टेबलावर पसरले तेव्हा जे दिसलं ते लिहिणं अवघड आहे. सातांपैकी एकातही खाट नव्हती. अण्णा येणार नाहीत असं ते सहा वर्षं म्हणत होते, पण कागदावर ते मी ठरवून टाकलं होतं, तीन रंगांच्या पेन्सिलींनी. त्याहून वाईट म्हणजे, कुर्डुवाडीत त्यांनी नाही म्हटलं तेव्हा मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं. रात्री उठून त्यांना बाथरूमला न्यायचं नाही, स्वयंपाकात तिखट वेगळं काढायचं नाही, अनुवादाची सकाळ मोडायची नाही. पुन्हा जरा दु:खही झालं, तेही खरंच होतं. दोन्ही एकाच मिनिटात.

मी पहिली यादी पुन्हा लिहायला घेतली. जे हातात नाही ते. दार, खिडकी, कपाट, आणि चौथी ओळ: खाट, 6 फूट बाय 3, खिडकीशी. ती अशी ठेवायची की उतरताना डावा हात भिंतीला टेकेल. कपाट सोडून उरलेली सलग भिंत, खाटेच्या समोरची, 5 फुटांची.

5 फुटांत काय होतं, ते शोधताना ॲलन राइट या इंग्रज गृहस्थांचा ‘इंगलनूक सायडिंग्ज’ हा आराखडा भेटला. इतका लहान की मी आधी दोनदा पान उलटून पुढे गेले होते. एक रूळ, दोन सांधे, तीन सायडिंगा. एकीत 5 वाघिणी मावतात, उरलेल्या दोघींत 3-3. डोक्याच्या बाजूला रूळ इतकाच की इंजिन आणि 3 वाघिणी उभ्या राहतील. एकूण वाघिणी 8. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या 5 काढायच्या, आणि चिठ्ठीच्या क्रमानेच त्या लावून गाडी तयार करायची. 8 मधून 5 क्रमाने लावायच्या तर 6720 प्रकार होतात, आणि प्रत्येक प्रकार जमतोच, कितीही घोळ झाला तरी. कॅलथ्रॉपची 25 फुटी वाघीण माझ्या मापात पावणेनऊ सेंटिमीटरची. जोड धरून 5 वाघिणींना 48 सेंटिमीटर, दोन सांध्यांना 25, डोक्याकडे 39. बेरीज 112. 5 फूट म्हणजे 152. उरलेल्या जागेत मालधक्का, दोन दारांचा, आणि उजवीकडे टाकी.

हा कागद पाठवताना मी काही लिहिलं नाही. रविवारपर्यंतही थांबावं लागलं नाही. शेजारच्या मुलाने फोटो पाठवला: ओट्यावर खडूने ओढलेले रूळ, त्यांवर आठ काड्यापेट्या, प्रत्येकीवर आकडा. इंजिन म्हणून चष्म्याचं घर. त्यात 3 काड्यापेट्या डोक्याकडे बरोबर मावत होत्या.

मग फोन आला. “हे आमचंच काम की गं. साहेब कागद द्यायचा, ह्या नंबरच्या वाघिणी ह्या हिशेबानं. 38 वर्षं हेच केलं.” बोलताना मागून त्या मुलाचा आवाज येत होता, तो ओरडत होता की आजोबांनी सातची पेटी चुकून पाचच्या आधी घातली. अण्णा म्हणाले, घातली न्हाई, ठिवलीय, नंतर काढायचीय.

त्यांनी फळीची उंची विचारली. पुस्तकं सांगतात चार फुटांच्या आसपास, उभ्या माणसाच्या नजरेसाठी. मी 40 इंच धरली होती, खाटेवर बसलेल्या माणसाच्या डोळ्याला रूळ किंचित खाली दिसावेत अशी. ते मी सांगितलं नाही, फक्त 40 म्हटलं. पलीकडे थोडा वेळ शांत होतं. तो बहुतेक भिंतीवर हात धरून बघत असावेत.

“आन् सांधा फिरवायचा लिव्हर कुठल्या हाताला ठिवलायस?”

उजव्या, मी म्हटलं.

“मग डाव्या अंगाला घे. उजवा हात न्हाई चालत आता. आन् हे बघ, सुताराला घाई करू नगं. रूळ एकदा ठोकला की ठोकला.”

मी म्हटलं, दिवाळीपर्यंत होईल. ते ‘बघू’ म्हणाले नाहीत. जेवलीस का, म्हणाले. मी फोन कानाला धरूनच टेबलावर खोडरबर शोधत होते.